पऱ्हाटीच्या कोळशात लोखंड बसवायचं, पण कशासाठी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे संध्याकाळी कोणत्याही रस्त्यानं गाडीवर निघा, दोन्ही बाजूंनी धूर दिसतो. कापूस वेचून झालेला असतो, बोंडअळीमुळे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, जास्त दिवस उभी ठेवायची नसते, मग उपटायची, धुऱ्यावर ढीग घालायचा आणि काडी लावायची. थोडीफार चुलीला जाते, बाकी सगळी राख. आज ज्या पावडरबद्दल लिहितोय ती याच पऱ्हाटीपासून बनवलेली आहे, काळी कुळकुळीत, आणि तिच्या आत लोखंड आहे, इतकं बारीक की डोळ्यांचं सोडा, कॉलेजातल्या मायक्रोस्कोपलाही दिसत नाही. एमएस्सीला प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं होतं, आता ज्युनिअर कॉलेजला शिकवतो तरी सुटलं नाही, सुट्ट्या लागल्या की लॅबमध्ये जाऊन करतोच.

गेल्या होळीला घरी आलो तेव्हा खिशात तिची छोटी बाटली होती. शेजारचे आबाजी ओट्यावर बसलेले, त्यांनी बाटली घेतली, हलवून पाहिली अन् म्हणाले, "हे काय व्हय, दंतमंजन?" म्हटलं आबाजी, चुंबक लावून पाहा. घरात जुन्या स्पीकरचं चुंबक पडलं होतं, ते बाहेरून काचेला लावलं तर पावडर सरकत आली आणि उभे काटे करून काचेला चिकटली. आबाजींनी दोन-तीनदा चुंबक फिरवलं, पावडर मागं मागं फिरली. मग त्यांनी जे विचारलं ते एकदम मुद्द्याचं होतं, "लोखंड त लोखंडच असते ना बापू, त्याले इतकं बारीक करून काय भेटते?"

ओट्यावर जेवढं जमलं तेवढं सांगितलं, पण मनासारखं झालं नाही, म्हणून इथं सविस्तर.

ही पावडर कॅटॅलिस्ट म्हणून कामाला येते, तेव्हा आधी कॅटॅलिस्ट म्हणजे काय ते. मराठीत उत्प्रेरक म्हणतात, कॅटॅलिसिस हा मूळ शब्द १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस नावाच्या केमिस्टनं वापरात आणला. पुस्तकातली व्याख्या सगळ्यांना पाठ असते, रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवतो पण स्वतः खर्च होत नाही. पाठ असते पण डोक्यात बसत नाही, म्हणून मी वर्गात बटाटा घेऊन जातो. कच्चा बटाटा कापायचा, मेडिकलमध्ये जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं त्याचे चार थेंब कापलेल्या भागावर टाकायचे, लगेच पांढरा फेस येतो. तेच थेंब उकडलेल्या बटाट्यावर टाका, काहीच होत नाही. पोरं दरवेळी उकडलेल्या बटाट्यावर जास्त वेळ बघत बसतात, आता येईल मग येईल म्हणून.

फेस म्हणजे ऑक्सिजन. पेरॉक्साइड तुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो, एरवी बाटलीत हे महिनोन् महिने हळूहळू चालू असतं, बटाट्यावर क्षणात होतं, कारण बटाट्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे सजीवांमधला उत्प्रेरक, आहे. आपल्या रक्तातही तेच आहे म्हणून जखमेवर फेस येतो. या कॅटलेजचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात लोखंडाचा एकच अणू असतो, चारी बाजूंनी चार नायट्रोजननी धरून ठेवलेला, आणि त्या अणूंच्या जोरावर कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू तोडतो. आता उकडलेल्या बटाट्याकडे या. लोखंड उकळून कुठं गेलं नाही, बटाट्यातच आहे, पण त्याच्याभोवतीची प्रोटीनची घडी उसवली, आणि काम बंद पडलं. माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचं मर्म इथंच आहे. लोखंड किती आहे याला फार महत्त्व नाही, ते कोणी आणि कसं धरलंय यावर सगळं चालतं.

आता दुसरं उदाहरण, हे आपल्या रोजच्या काळजीचं, युरियाची बॅग. ४५ किलोची, नीम कोटेड, २६६ रुपये ५० पैसे, आणि जुलैत पाऊस लागून पडला की कृषी केंद्रापुढं तिच्यासाठी लाइन. त्या एका बॅगेत साडेवीस किलोच्या वर नायट्रोजन असतो आणि तो सगळा हवेतून काढलेला असतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आपल्या वावरावर टनांनी तरंगतोय, पण पिकाला त्याचा उपयोग नाही कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी असे घट्ट धरून असतात की सोडवता सोडवत नाहीत. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रेशर आणि उष्णता देऊन नायट्रोजन आणि हायड्रोजनचा अमोनिया करून दाखवला, पण कॅटॅलिस्ट म्हणून वापरला ऑस्मियम, जो जगात मूठभर सापडतो. कारखाना चालवायचा तर स्वस्त काहीतरी पाहिजे. मग बीएएसएफ कंपनीत कार्ल बॉश यांच्या हाताखाली आल्विन मिटाश यांनी हजारो पदार्थ एकेक करून तपासले, अक्षरशः हजारो, आणि त्यात स्वीडनच्या खाणीतलं एक मॅग्नेटाइट, म्हणजे काळं लोहखनिज, भलतंच चांगलं निघालं. शुद्ध लोखंड मात्र तितकं चालेना. शोधल्यावर कळलं की त्या खनिजात जी थोडीशी भेसळ आहे तीच कामाची आहे. पुढे अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पोटॅश मुद्दाम मिसळून कॅटॅलिस्ट बनवला, १९१३ मध्ये ओपाऊ इथं कारखाना सुरू झाला, आणि आजही जगभरातला बहुतेक अमोनिया त्याच घराण्यातल्या लोखंडावर बनतो. ४०० ते ५०० डिग्री तापमान, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब.

लोखंड तिथं नेमकं काय करतं हे नीट कळायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. गेरहार्ड एर्टल यांनी ते पायरी पायरीनं दाखवलं, त्यांना २००७ चं नोबेल मिळालं. नायट्रोजनचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर येऊन बसतो, लोखंड त्याच्या बंधात स्वतःचे इलेक्ट्रॉन घालून तो सैल करतं, दोन अणू सुटे होतात, मग हायड्रोजन एकेक करून येऊन चिकटतो आणि तयार झालेला अमोनिया उडून जातो, जागा पुन्हा रिकामी. यात सगळ्यात वेळखाऊ काम नायट्रोजन तोडण्याचं. पोटॅशमुळे लोखंड इलेक्ट्रॉन जास्त सहज देतं, आणि अ‍ॅल्युमिना लोखंडाच्या बारीक कणांच्या मधे खुंटीसारखा उभा राहतो, त्यांना एकमेकांत वितळून मिसळू देत नाही. म्हणजे इथंही तेच, काम लोखंडाचं, पण त्याला धरून ठेवणारा दुसराच.

आता आबाजींचा प्रश्न, बारीक करून काय भेटते. वरचं सगळं लोखंडाच्या पृष्ठभागावर घडतं, आतल्या लोखंडाचा काही उपयोग नाही, ते नुसतं वजन. एक सेंटिमीटरचा लोखंडाचा ठोकळा घ्या, वजन साधारण आठ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, अंगठ्याच्या ठशाएवढ्या दोन-तीन जागा. आता तो एक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांमध्ये कापला असं समजा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग, डोक्याचा केस ८०-९० हजार नॅनोमीटर जाड असतो. असं कापल्यावर एकूण पृष्ठभाग किती होतो? ६००० चौरस मीटर. दीड एकर. आठ ग्रॅम लोखंडातून दीड एकर वावर निघतं, आणि कॅटॅलिस्टच्या भाषेत ते सगळं पेरणीलायक. आबाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते दीड एकर म्हणजे कुठून कुठपर्यंत हे समोरच्या वावराकडे बघून हातानं दाखवायला लागले, आणि तेवढ्यानं त्यांना जे समजलं ते माझ्या बारावीच्या पोरांना दोन तासांत समजत नाही.

पण नुसतं क्षेत्रफळच वाढतं असं नाही, स्वभावही बदलतो. लोहाराकडे वखराची पास नाहीतर विळा धार लावायला नेला की दगडावरून ठिणग्या उडतात, त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे बारीक कण, घासून गरम होतात आणि हवेतल्या ऑक्सिजननं चक्क पेट घेतात. पास पेटत नाही, तिचाच कण पेटतो. दिवाळीच्या फुलझडीतल्या ठिणग्याही तशाच, त्यातही लोखंडाचा कीस असतो. नॅनो आकाराचं ताजं लोखंड तर याच्या पुढचं, घासायचीही गरज नाही, नुसती हवा लागली तरी पेटतं. कारण दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात एक तृतीयांश ते निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यांना शेजारी कमी, हात मोकळे, जे मिळेल त्याला धरायला तयार. कॅटॅलिस्टला हेच पाहिजे असतं, आणि हाच त्रासही असतो.

त्रास असा की बारीक लोखंड बारीक राहत नाही. एक तर गंजतं नाहीतर जळतं. आणि नाही जळलं तरी गरम केलं की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. सावजी रश्श्यावरची तर्री आठवा, आधी तेलाचे बारीक बारीक ठिपके असतात, थोडा वेळ ठेवलं की दोन ठिपके जवळ येतात, एक होतात, मग तिसरा येऊन मिळतो, शेवटी वाटीभर एकच थर. लोखंडाच्या कणांचं तसंच होतं आणि त्यासाठी ते वितळावंही लागत नाही, लोखंड वितळतं १५३८ डिग्रीला पण नॅनो कण त्याच्या कितीतरी आधीच सरकायला अन् जुळायला लागतात. दीड एकरचं पुन्हा अंगठ्याएवढं व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून कार्बन. कार्बनचं काम कणांना जागच्या जागी धरून ठेवायचं. कोळसा आतून पोकळ असतो, चांगल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग निघतो, त्या भोकाभोकांत लोखंडाचे कण वेगवेगळे बसवता येतात. पऱ्हाटीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं, जित्या झाडात ज्या नळ्यांनी मुळातलं पाणी वर बोंडापर्यंत चढत होतं त्या नळ्या कोळशातही तशाच राहतात, मायक्रोस्कोपखाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसतात. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, अ‍ॅसिड-अल्कलीत तो टिकतो, आणि स्वस्त आहे. कार्बनचे महागडे प्रकारही आहेत, नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या जाळीची गुंडाळी, जी १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या कामामुळे सगळ्यांच्या नजरेत भरली, आणि ग्राफीन म्हणजे एका अणूएवढ्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये सुटा केला, २०१० ला त्याला नोबेल मिळालं. गंमत म्हणजे नॅनोट्यूब वाढवायलाही बऱ्याचदा लोखंडाचेच कण लागतात. ॲसिटिलीनसारखा गॅस ७०० डिग्रीच्या आसपास लोखंडाच्या कणावरून सोडला की लोखंड त्यातला कार्बन आत घेतं, पोट भरलं की बाहेर सोडतं, आणि तो बाहेर पडतानाच नळीच्या आकारात वाढत जातो.

आता आम्ही पऱ्हाटीचं काय करतो ते सांगतो. पऱ्हाटी धुवून वाळवायची, कुट्टी मशीनमधून काढायची, मग मिक्सरला बारीक करून चाळायची. एकीकडे फेरिक नायट्रेटचं पाणी करायचं. फेरिक नायट्रेटचे खडे फिकट जांभळे दिसतात, पाण्यात टाकले की पिवळसर तांबूस रंग उतरतो, आणि पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं तर ते हवेतलं पाणी पिऊन चिखल होतात. त्या पाण्यात पऱ्हाटीची पूड रात्रभर भिजत ठेवायची म्हणजे लोखंड तंतूंच्या आतपर्यंत जातं. मग ८० डिग्रीला वाळवायची, हळदीचा हात लागलेल्या भुशासारखी दिसते. ती चिनी मातीच्या छोट्या होडीत भरून क्वार्ट्झच्या नळीत ढकलायची, नळी भट्टीत. आणि भट्टी चालू करायच्या आधी अर्धा तास नुसता नायट्रोजन सोडायचा, आतली हवा पूर्ण बाहेर जाईपर्यंत. नळीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली जोडलेली असते, तिच्यात बुडबुडे येतात, ते सारखे येतायत ना हे बघत बसायचं. मिनिटाला पाच डिग्री या वेगानं तापमान चढवायचं, ८०० ला जायला अडीच तास लागतात, तिथं दोन तास ठेवायचं.

आत काय होतं बघा. आधी नायट्रेट तुटतं, तपकिरी धूर निघतो, लोखंडाचा ऑक्साइड बारीक कणांच्या रूपात मागं राहतो. ३०० च्या पुढं पऱ्हाटीतलं सेल्युलोज फुटतं, डांबर निघून नळीच्या थंड टोकाला चिकटतं, आणि ओली पऱ्हाटी चुलीत घातल्यावर जो डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो अगदी तोच वास येतो. राहतो तो कोळसा. ७०० च्या पुढं खरी गोष्ट घडते, कार्बन लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो (विषारी आहे, म्हणून सगळं एक्झॉस्टखाली), आणि मागं उरतं धातूचं लोखंड. हे लोखंड गरम असताना आजूबाजूचा थोडा कार्बन पोटात घेतं आणि नंतर बाहेर टाकतं, तो त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखा ग्राफाइटचा थर होऊन बसतो. काही लोखंड कार्बनशी जुळून कार्बाइडही होतं. त्या पापुद्र्यांमुळेच आबाजींच्या हातातल्या बाटलीतलं लोखंड हवेत पेटलं नाही.

ही केमिस्ट्री नवीन नाही. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात नायकुंड आहे, तिथल्या उत्खननात शिळावर्तुळं बांधणाऱ्या लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी. लोहखनिज, लाकडाचा कोळसा आणि भाता, कोळसा ऑक्सिजन ओढतो आणि लोखंड सुटं होतं, आमच्या क्वार्ट्झच्या नळीत जे होतं तेच. फरक एवढाच की त्यांना लोखंडाचा गोळा पाहिजे होता, कण जितके एकत्र येतील तितकं चांगलं, आणि आमची सगळी धडपड ते एकत्र येऊ नयेत म्हणून. मी नायकुंडला गेलोय, आता बघायला फारसं काही नाही, पण आपल्याच जिल्ह्याशेजारच्या मातीत ही रिअ‍ॅक्शन इतक्या आधी कोणीतरी हातानं करत होतं हे तिथं उभं राहून फार जाणवलं.

एकदा माझं सॅम्पल पूर्ण वाया गेलं होतं. भट्टी दिवसभर चालवून संध्याकाळी बंद केली, रात्रभर नायट्रोजन चालू ठेवून थंड होऊ द्यायची असते, आणि सिलिंडरमध्ये गॅस कमी आहे हे मी बघितलंच नाही. रात्री कधीतरी तो संपला, भट्टी अजून गरम होती, हवा आत शिरली. सकाळी होडी बाहेर काढली तर काळ्याऐवजी गेरूसारखी लाल पावडर आणि तीही तळाला थोडीशी. कार्बन सगळा जळून गेला होता आणि लोखंडाचा गंज झाला होता. चार दिवसांचं काम. सरांनी ती फेकू दिली नाही, म्हणाले हिचाही एक्सआरडी काढ. एक्सआरडी म्हणजे एक्स-रे मारून आतले अणू कशा रांगांत बसलेत ते बघायचं मशीन, कागदावर आलेख येतो त्यात शिखरं असतात. कण बारीक असले तर शिखर पसरट बुटकं येतं, मोठे असले तर सुईसारखं टोकदार. लाल पावडरची शिखरं अशी टोकदार आली, आणि चांगल्या काळ्या सॅम्पलची पसरट, दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले तेव्हा कार्बन काय करतो हे मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. तो नसला की तर्री एक होते.

बनवायच्या दुसऱ्याही रीती आहेत, थोडक्यात सांगतो. लोखंडाचे दोन प्रकारचे क्षार, फेरिक दोन भाग आणि फेरस एक भाग, पाण्यात घेऊन अमोनिया टाकला की काळा मॅग्नेटाइट नॅनो कणांच्या रूपात लगेच खाली बसतो, भट्टी लागत नाही. सोडियम बोरोहायड्राइड टाकून थेट धातूचं लोखंड काढतात, महाग पडतं आणि हायड्रोजन निघतो म्हणून जपावं लागतं. चहापत्तीच्या अर्कातल्या पॉलिफेनॉलनंही लोखंडाचे नॅनो कण बनवतात, त्याचा गवगवा बराच आहे, पण कण एकसारखे येत नाहीत असा माझा अनुभव.

वापर कुठं? मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पाण्यातला. १८९४ मध्ये फेंटन नावाच्या इंग्रज केमिस्टनं नोंदवलं की फेरस लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की ते सेंद्रिय पदार्थ झपाट्यानं तोडतात. बटाट्यातल्या लोखंडानं पेरॉक्साइडचा शांतपणे ऑक्सिजन केला, हे मोकळं लोखंड त्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं, म्हणजे असा तुकडा जो क्षणभरच जगतो पण समोर येईल त्याला फाडतो, कपड्याचा रंग असो की कीटकनाशकाचा अंश. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् शेतमजूर गेले, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. पावडरनं ते टळलं असतं असं मी म्हणणार नाही, त्याची कारणं वेगळी होती, पण फवारणीचे पंप धुतलेलं पाणी नाल्यात जातं तेव्हा त्यात काय काय असतं हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फेंटनच्या जुन्या पद्धतीत अडचण अशी की पाणी बरंच आंबट करावं लागतं, पीएच तीनच्या आसपास, आणि शेवटी लोखंडाचा लाल गाळ उरतो तो टाकायचा कुठं हा प्रश्न. लोखंड कार्बनमध्ये बसवलं की गाळ कमी होतो, आणि काम झालं की चुंबक लावून पावडर परत काढता येते.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. निळ्या रंगाच्या पाण्यात काळी पावडर टाकून पाणी पांढरं झालं असे व्हिडिओ फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं नॅनो कॅटॅलिस्टची कमाल. कोळसा तसाही रंग शोषतो. रंग तुटला की नुसता कोळशाच्या भोकात लपला हे कळायला पेरॉक्साइड न घालता तोच प्रयोग शेजारी करून बघावा लागतो, नाहीतर त्याला अर्थ नाही. हाच गोंधळ फ्लोराइडच्या बाबतीत होतो. यवतमाळ-चंद्रपूरच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पोरांचे दात पिवळे-तपकिरी, म्हाताऱ्यांचे गुडघे-पाठ आखडलेली. लोखंडाचा ऑक्साइड फ्लोराइड पकडतो हे खरं, पण पकडतो, तोडत नाही, फ्लोराइड मुळात एकच अणू आहे, तोडायचं काय? पकडून पकडून पावडर भरते, मग ती धुवावी नाहीतर बदलावी लागते. ते कॅटॅलिसिस नव्हे, आणि जो तुम्हाला एकदा टाका कायमचं शुद्ध असं सांगेल त्याच्याकडून काही घेऊ नका.

दुसरा मोठा वापर कोळशापासून डिझेलचा. १९२० च्या दशकात जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण कॅटॅलिस्टवरून सोडून पेट्रोल-डिझेलसारखं तेल काढलं. तिथं लोखंड किंवा कोबाल्ट वापरतात, कोळशाच्या नाहीतर काडीकचऱ्याच्या गॅसला लोखंड जास्त जमतं कारण त्या गॅसमध्ये हायड्रोजन कमी असतो आणि लोखंड पाण्याच्या वाफेतून तो भरून काढतं. काम करणारं रूप तिथं बहुतेक लोखंडाचं कार्बाइड असतं.

तिसरा फ्युएल सेलचा, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज. त्याला आज बहुतेक वेळा प्लॅटिनम लागतं. १९६४ मध्ये दिसलं की कोबाल्टचा अणू चार नायट्रोजनांच्या मधे बसलेला असला तर तोही ऑक्सिजनचं ते काम करतो, आणि तेव्हापासून लोखंडाला तसंच बसवायचा प्रयत्न चालू आहे. कार्बनच्या जाळीत चार नायट्रोजन, मधे लोखंडाचा एक अणू. बटाट्यातलं कॅटलेज आठवलं ना? तसंच. फक्त प्रोटीनच्या जागी कोळसा, जो उकळला तरी उसवत नाही. कण नाही, गोळा नाही, एकेक अणू सुटा, आठ ग्रॅमचं जेवढं वावर होऊ शकतं त्याची ही शेवटची हद्द. आणि हा नायट्रोजन कोळशात घालायला बऱ्याच लॅब काय वापरतात तर युरिया. कोळसा करायच्या पुडीत तो मिसळायचा, गरम झाला की तुटून त्याचा नायट्रोजन कार्बनमध्ये शिरतो.

लोक विचारतात हे नॅनो युरियासारखं आहे का. नाही, नॅनो युरिया पानावर फवारायचं द्रवरूप खत आहे, दोघांत नॅनो या शब्दापलीकडे काही सारखं नाही. आणि कृपा करून हे घरी करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि इतकी बारीक पावडर श्वासात जाणं चांगलं नाही, आम्ही मास्क आणि एक्झॉस्टशिवाय बाटली उघडत नाही. पऱ्हाटी जाळायची नसेल तर खड्ड्यात झाकून तिचा कोळसा करून वावरात टाकणं हे वेगळं काम आहे, त्याला लोखंड लागत नाही, भट्टी लागत नाही, ते जरूर करा.

आमची पावडर सध्या कुठं अडलीय तर परत परत वापरण्यात. पहिल्या वेळी रंग चांगला तुटतो, चुंबकानं काढून धुवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही ठीक, चौथ्यांदा वेग पडतो. गाळलेल्या पाण्यात थायोसायनेट टाकलं की फिकट लाल रंग येतो, म्हणजे थोडं लोखंड सुटून पाण्यात जातंय, ज्यांच्याभोवतीचे पापुद्रे अर्धवट राहिले ते कण आधी सुटत असावेत. म्हणून या वेळी लोखंड कमी घालून, युरिया मिसळून बघायचं ठरवलंय, नायट्रोजननी घट्ट धरलं तर कदाचित टिकेल. आबाजींना हे फोनवर सांगितलं. त्यांना धरून ठेवायची गोष्ट पक्की समजलीय. म्हणाले, "युरिया लागते त सांगजो, बॅगेतला किलोभर काढून ठेवतो." त्यांना सांगितलं की खतातल्या युरियाला नीमचं कोटिंग असतं, लॅबमध्ये शुद्ध लागतो, पण पऱ्हाटी मात्र तुमच्याच वावरातली नेईन, या वर्षी धुऱ्यावरचा एक ढीग तेवढा पेटवू नका.